आठ तासांचे सूत, वीस वार कापड

ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय चरखा संघाची बैठक भरली आणि तिच्यात कातणाऱ्यांच्या मजुरीविषयी एक ठराव झाला. आठ तास नेटाने सूत कातणाऱ्या बाईच्या हातावर किती आणे पडावेत, हा प्रश्न त्या ठरावाने आण्यांत सोडवलाच नाही. वर्षाला वीस वार कापड आणि शास्त्रीय हिशेबाने ठरवलेला किमान आहार एवढे जिच्यातून भागेल ती मजुरी, असे त्याने सांगितले. महागाई आणि पगार यांच्या ज्या वाटाघाटी आज आपल्या परिचयाच्या आहेत, त्यांत मूळ पगार आधी ठरतो आणि किमती चढल्या की त्याला भत्त्याचे ठिगळ लागते. वर्ध्याच्या ठरावाने क्रम फिरवला. आधी गरजांची यादी, मग त्या यादीची बाजारातली किंमत, आणि ती किंमत म्हणजेच मजुरी. गांधी, विनोबा, सेवाग्राम यांच्याविषयी एवढे लिहिले गेले आहे, तरी या ठरावाकडे मजुरीच्या इतिहासातला टप्पा म्हणून फारसे पाहिले जात नाही. तो खादीच्या इतिहासात एका परिच्छेदापुरता उरतो. माझे म्हणणे असे आहे की महागाईपासून मजुराचे रक्षण कशाने होते, या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर या जिल्ह्यात त्या वर्षी मांडले गेले. आपण नंतर जो मार्ग धरला त्यात ते उत्तर अर्धेच आले, आणि त्या अर्धवटपणाची किंमत अजून सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते.

वस्तूत मोजलेली मजुरी या मातीला नवी नव्हती. वर्ध्याच्या खेड्यांत सालदार ठेवण्याची रीत जुनी. गुढीपाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला साल ठरायचे, आणि त्या बोलीत रोख रकमेपेक्षा ज्वारीला महत्त्व असे. वर्षाची किंवा महिन्याची ज्वारी, वर पागोटे, धोतर, घोंगडे, जोडा, सणाला काही. हा व्यवहार बरोबरीचा नव्हता. सालदार बहुतेकदा मालकाच्या उचलीत अडकलेला असे, त्याच्या कामाला तास नव्हते आणि त्याची जात त्याची पायरी ठरवून टाकत असे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: ज्वारी रुपयाला किती पायल्या मिळते, याची चिंता त्याला निदान वर्षभराच्या धान्यापुरती नव्हती. भाव दुप्पट झाला तरी त्याच्या वाट्याच्या पायल्या तेवढ्याच राहत. भाववाढीचा फटका मालक सोसत होता, कारण देणे धान्यात ठरलेले होते.

ही रचना खिळखिळी केली ती कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांचे लक्ष वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळले. हिंगणघाटचा 'बनी' कापूस आधीपासून नावाजलेला होता. १८६२ मध्ये नागपुरापासून वेगळा वर्धा जिल्हा झाला, १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली, आणि पुढच्या काही दशकांत सरक्या काढणारे जिन, गठाणी बांधणारे प्रेस आणि शेवटी हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्या उभ्या राहिल्या. शेतात रोख पीक आले तशी मजुरीही रोखीत येऊ लागली. कापूस वेचणाऱ्या बाया, जिनमधले हमाल, गिरणीतले कामगार, रेल्वेचे गँगवाले या सर्वांची मजुरी रुपया-आणा-पैत होती. चांगल्या सालात रोखीने मोकळेपणा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. उचलीच्या जाचातून बाहेर पडण्याची वाट अनेकांना तिनेच दाखवली. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात धान्याचे भाव कडाडले तेव्हा रोखीचा दुसरा चेहरा दिसला. मजुरी जागच्या जागी राहिली आणि रुपयाला मिळणारे धान्य आटले. भाववाढीची जोखीम मालकाच्या खांद्यावरून मजुराच्या खांद्यावर आली होती, आणि ती तशी सरकवताना कुठे बोली झाली नव्हती, करार झाला नव्हता. पुढच्या शतकभरातील महागाई भत्त्याची प्रत्येक चळवळ ही त्या न बोलता सरकलेल्या ओझ्याची उशिरा सुरू झालेली बोलणी आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही बोलणी देशात उघडपणे सुरू झाली. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ पासून युद्धकाळाचा वाढावा दिला. अहमदाबादला प्लेगच्या साथीत कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून दिलेला बोनस साथ ओसरताच मालकांनी बंद केला, आणि त्यातून १९१८ चा प्रसिद्ध लढा उभा राहिला. विणकरांची मूळ मागणी पन्नास टक्क्यांची होती, मालक वीसवर अडले होते. गांधींनी भाववाढ, मुंबईची मजुरी आणि मालकांची ऐपत पाहून पस्तीस टक्के हा आकडा काढला आणि तो कामगारांकडून मान्य करून घेतला. मालकांची टाळेबंदी, कामगारांची प्रतिज्ञा, उपोषण, आणि शेवटी आनंदशंकर ध्रुवांचा लवाद, ज्याने पस्तीस टक्केच दिले. वर्ध्याच्या कथेत मला यातला एक दुवा महत्त्वाचा वाटतो. त्या लढ्यात गांधींबरोबर असलेले शंकरलाल बँकर १९२५ मध्ये चरखा संघ स्थापन झाल्यावर त्याचे सचिव झाले. म्हणजे जे दोघे अहमदाबादला महागाईचा हिशेब घेऊन गिरणीमालकांसमोर बसले होते, ते आता स्वतः लाखो कातणाऱ्यांना मजुरी देणाऱ्या संस्थेचे चालक होते. संघाचे खजिनदार जमनालाल बजाज वर्ध्याचेच. दुसऱ्याच्या गिरणीला लावलेला न्याय आपल्या संस्थेला लावायचा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधीतरी येणारच होता.

तो यायला दहा वर्षे लागली, आणि त्याला कारण होते. विसाच्या दशकात खादीचा सगळा युक्तिवाद कातणे हे फावल्या वेळचे काम आहे, यावर उभा होता. शेतकरी कुटुंब वर्षातले कित्येक महिने रिकामे असते. त्या रिकाम्या वेळात बाईने चार पैसे मिळवले तर ते वरकमाईचे आहेत. त्यांना पूर्ण दिवसाच्या मजुरीची फूटपट्टी लावू नये. गांधींनी स्वतः हे वारंवार मांडले होते. या युक्तिवादाच्या आडोशाने कातणारीचा दर इतका खाली राहिला की विणकर, पिंजारी, धोबी, भांडाराचा विक्रेता आणि पगारी कार्यकर्ता या साखळीत सर्वांत जास्त तास घालणारी बाई सर्वांत कमी घेऊन जात होती. खादी स्वस्त ठेवायची तर कुठून तरी काटकसर हवी, आणि ती जिला बोलायला तोंड नव्हते तिच्या पदरातून होत होती. १९३५ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना, गांधींनी हा विचार जाहीरपणे बदलला. कातणे असो, विणणे असो, सुतारकाम असो, तासाभराच्या प्रामाणिक कामाची मजुरी सारखी असावी आणि आठ तासांना आठ आणे हे लक्ष्य धरावे, असे त्यांनी 'हरिजन'मध्ये मांडले. प्रांतोप्रांतीच्या खादी कार्यकर्त्यांना हे पटणे सोपे नव्हते. त्यांना भांडारांतील न खपलेले ठाण दिसत होते.

याच सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांचा प्रयोग चालू होता. १९३२ च्या अखेरीपासून ते तिथे राहत होते, आणि सप्टेंबर १९३५ पासून त्यांनी केवळ कताईच्या मिळकतीवर जगण्याचे व्रत अधिक काटेकोर केले. दिवसाला आठ तास आणि त्याहून अधिक कातायचे, हात आलटून पालटून, चरख्यावर आणि टकळीवर. त्यांच्याबरोबर कातणारी तरुण मुले होती. संध्याकाळी त्या दिवसाची मजुरी मोजायची आणि ती पुरी भरली असेल तर पूर्ण स्वयंपाक, नसेल तर ताटातले कमी करायचे किंवा आणखी कातायला बसायचे. हा प्रयोग वैराग्याचा म्हणून सांगितला जातो, आणि विनोबांच्या मनात तो यज्ञच होता. पण मजुरीच्या इतिहासात त्याचे मोल वेगळे आहे. संघाच्या चालू दराने इतक्या निष्णात आणि चिकाटीच्या कातणाऱ्याला दिवसाकाठी काय मिळते, असे गांधींनी विचारले तेव्हा विनोबांचे उत्तर होते, दोन आणे, फार तर सव्वादोन. आणि लागतात किती? आठ आणे. या दोन आकड्यांमधले अंतर पुढे कोणत्याही कार्यकर्त्याला आळसाच्या, अकुशलतेच्या किंवा उधळपट्टीच्या खात्यावर टाकता येणार नव्हते. विनोबांहून अधिक तास, अधिक सराईतपणे कातणारा आणि त्यांच्याहून कमी खर्चात राहणारा माणूस दाखवणे कठीण होते. अशा माणसाचे पोट जर त्या दरात भरत नसेल, तर दोष दराचा होता.

पुढच्या काळात सरकारी समित्यांनी कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून जे सिद्ध केले, ते नालवाडीत एका माणसाने स्वतःच्या ताटावर सिद्ध केले होते. पद्धतीतला फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी गरीब माणूस सध्या काय खातो ते मोजते, आणि त्यालाच प्रमाण मानून किमतींचा निर्देशांक बांधते. ज्याच्या घरी दूध येतच नाही त्याच्या निर्देशांकात दुधाला वजन नसते. नालवाडीचा हिशेब माणसाला किती लागते इथून सुरू झाला. ऑगस्ट १९३५ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याला ठराव केला तो याच भूमिकेवर: संघाच्या आश्रयाने काम करणाऱ्या प्रत्येकाला आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल, शास्त्रीय रीतीने ठरवलेल्या किमान आहाराला पुरेल एवढी तरी मजुरी मिळावी, आणि ती हळूहळू वाढत कमावत्या माणसांवर कुटुंब चालेल इथपर्यंत जावी. या संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा अर्थशास्त्रात आणि हिशेबतपासणीत मुरलेले होते. भाबडेपणाने लिहिलेले हे वाक्य नाही. दोन महिन्यांनी चरखा संघाने त्यात वीस वार कापड घातले.

वस्तूंत व्याख्या केलेल्या मजुरीचा महागाई भत्ता तिच्या पोटातच असतो. गहू, ज्वारी, तेल, डाळ महागली की यादीची किंमत वाढते आणि मजुरी आपोआप वाढायला हवी. वेगळी मागणी, वेगळा निर्देशांक, वेगळा लवाद लागत नाही. याहून मोलाची गोष्ट ही की ही व्याख्या कातणाऱ्या बाईला पूर्ण माणूस म्हणून मोजते. तिची कमाई नवऱ्याच्या कमाईतली भर आहे, हा आडोसा ठरावाने काढून टाकला. आठ तास काम करणारीला स्वतःचे पोट आणि स्वतःचे कापड हे तिच्या कामातूनच मिळाले पाहिजे. त्या काळी शेतात, जिनमध्ये, गिरणीत, सगळीकडे बाईची रोजी पुरुषापेक्षा कमी धरली जात असताना, केवळ बायांच्याच म्हणता येईल अशा धंद्यात हे तत्त्व मान्य होणे ही साधी गोष्ट नव्हती.

यावर पहिला आक्षेप त्या वेळीच घेतला गेला आणि तो आजही तितकाच जोरदार आहे. मजुरी वाढली तर खादी महागेल, महागली तर खपणार नाही, आणि खपली नाही तर ज्या बाईला सव्वादोन आणे मिळत होते तिला तेही मिळणार नाहीत. हा आक्षेप खोटा नव्हता. गिरणीचे कापड खादीपेक्षा आधीच स्वस्त होते. ठरावानेही ही अडचण झाकली नाही; खपेल तेवढेच उत्पादन करावे, कातणाऱ्यांच्या आणि त्यांच्या गावाच्या गरजेपासून सुरुवात करावी, तोट्यात जाऊ नये, अशा सूचना शाखांना देण्यात आल्या. वाढीव मजुरीचा भार अंशतः चांगल्या पिंजणीने, सुधारलेल्या चरख्याने, मजबूत आणि एकसारख्या सुताने पेलायचा आणि उरलेला गिऱ्हाइकाने सोसायचा, अशी ती योजना होती. गिऱ्हाइकाने सोसायचा, हा या प्रकरणाचा कणा आहे. कापसाचा भाव वाढला तर कापड महाग होते हे गिऱ्हाईक निमूट मान्य करते. कातणारीच्या भाकरीचा भाव वाढला तर मात्र कापड तेवढ्यातच हवे, असे ते कोणत्या न्यायाने म्हणणार? खप घटण्याची भीती खरी होती. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष एकच नाही. अर्धपोटी मजुरीशिवाय जो धंदा उभा राहत नाही, त्याचा तोटा सर्वांत गरीब माणूस आधीपासून भरत असतो. तो वहीत लिहिला जात नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. या सगळ्या बोलण्यात कातणारी बाई कुठे होती? अहमदाबादला विणकर साबरमतीच्या काठी रोज सभेला जमत होते, प्रतिज्ञा घेत होते, डगमगतही होते. वर्ध्याच्या बैठकीत तिच्या वतीने गांधी बोलले, विनोबांनी तिच्या जागी बसून कातले, महाराष्ट्र चरखा संघाच्या कार्यकर्त्यांनी दर वाढवले. तिची संघटना नव्हती, तिचा प्रतिनिधी नव्हता, नाही म्हणण्याची सोय नव्हती. एवढेच काय, मजुरीचा काही भाग खादीच्या रूपाने घ्यावा आणि कातणारीने खादीच वापरावी, ही अटही तिच्यावर आली. हे पालकत्व होते, आणि त्याला पालकत्वच म्हटले पाहिजे. मात्र विखुरलेल्या खेड्यांत, आपापल्या ओसरीत बसून कातणाऱ्या बायांचा संप त्या काळी कोण बांधू शकत होते, हाही प्रश्न आहे. ज्यांच्याकडे सामूहिक दबाव नाही त्यांच्यासाठी मजुरीचे माप आधीच नियमात बसवून टाकणे, हा एकच मार्ग उरतो. या ठरावातील दोष मापाचा नव्हता. ते माप लागू झाले की नाही हे पाहण्याचा अधिकार मापल्या जाणाऱ्या माणसाला मिळाला नाही, हा तो दोष होता. आणि म्हणूनच महाराष्ट्रात तत्त्व मान्य होऊन दर वाढले, तरी आठ आण्यांचे लक्ष्य दूरच राहिले, असे खुद्द विनोबांनीही पुढे नोंदवले.

ज्यांच्याकडे सामूहिक दबाव होता त्यांची वाट वेगळी गेली. दुसरे महायुद्ध सुरू होताच भाव चढले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्त्यासाठी मोठा संप झाला. त्याच वर्षी जीआयपी रेल्वेच्या नोकरांच्या मागणीवर सर बी. एन. राव यांचे चौकशी न्यायालय बसले. ही रेल्वे म्हणजे वर्धा आणि पुलगाव ज्या मार्गावर आहेत तीच. रावांनी कमी पगाराच्या नोकरांना किमतींच्या प्रमाणात भत्ता मिळावा हे तत्त्व उचलून धरले, आणि पुढे ते सरकारी भत्त्यांचा पाया झाले. युद्ध पेटत गेले तशी नुसत्या रोख भत्त्याने भागेना, तेव्हा रेल्वेने आपल्या नोकरांसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. सालदाराच्या ज्वारीची पद्धत ऐंशी वर्षांनी सरकारी मोहोर लावून परत आली होती. गिरण्यांत मात्र निर्देशांकाचा रस्ता पक्का झाला. मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर या शहरांचे राहणीखर्चाचे निर्देशांक निघत, १९२७ च्या किमती शंभर धरून. नागपुरात कामगाराच्या घरी काय शिजते यावरून आकडा निघायचा आणि आसपासच्या उद्योगांतील भत्त्यांच्या बोलण्यांना तोच आधार सापडायचा.

निर्देशांकाने कामगाराला मोठे बळ दिले, यात शंका नाही. दर वेळी नव्याने संप करण्याऐवजी एक आकडा बोलू लागला. पण आकडा बोलतो तेव्हा तो कोणी आणि कसा काढला, हीच नवी लढाई होते. १९६३ मध्ये मुंबईत ती उघड झाली: निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखवतो, अशी तक्रार घेऊन कामगार रस्त्यावर आले, राज्य सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि तक्रारीत तथ्य असल्याचे तिने दाखवून दिले. याहून खोल उणीव निर्देशांकात नव्हती, त्याच्या खालच्या पायात होती. भत्ता मूळ पगाराचे रक्षण करतो. मूळ पगार पोटापुरता आहे की नाही हे तो विचारत नाही. सव्वादोन आण्यांची मजुरी महागाईच्या प्रमाणात तंतोतंत वाढवली तर दुप्पट महागाईत ती साडेचार आणे होईल, आणि लागणारे आठ आणे तोवर सोळा झालेले असतील. उपासाचे प्रमाण होते तेच राहील. ज्यांचा मूळ पगार संघटनेच्या जोरावर आधी बरा ठरला होता, त्यांना भत्त्याने वाचवले. ज्यांचा तो कधी ठरलाच नव्हता, त्यांच्यासाठी भत्ता हा दुसऱ्याच्या घरचा पाऊस राहिला.

हे अर्धवटपण देशाच्या धोरणकर्त्यांच्याही लक्षात आले होते. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. आहारशास्त्रज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या मापाने आहार, तीन उपभोग-घटकांचे म्हणजे चार माणसांचे कुटुंब, माणशी वर्षाला अठरा वार म्हणजे चौघांना बहात्तर वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी किमान वेतनाचा पाचवा हिस्सा. शास्त्रीय आहार आणि वारांत मोजलेले कापड: बावीस वर्षांपूर्वीच्या वर्ध्याच्या ठरावाची बांधणी हीच होती. एकाने दुसऱ्याची उचल केली असे मी म्हणत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकाच टोकाने सोडवायला घेतला होता, एवढे पुरे. १९५७ चे सूत्र कुटुंब धरून चालले, हा त्याचा पुढचा टप्पा. पण त्यात कमावता एकच मानला गेला आणि बायकोची कमाई हिशेबाबाहेर ठेवली गेली. हेतू मजुरी कमी धरली जाऊ नये हा होता, परिणाम मात्र असा झाला की बाई पुन्हा खाणारे तोंड म्हणून मोजली गेली, काम करणारे हात म्हणून नाही. त्या बाबतीत वर्धा पुढे होते. आणि हे सूत्रही राज्यकर्त्यांनी स्वतःच्या नोकरांना लावायचे नाकारले. दुसऱ्या वेतन आयोगाने ते परवडणारे नाही असे ठरवले, आणि जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. गरजेचे माप मान्य करायचे आणि ऐपतीचे कारण सांगून बाजूला ठेवायचे, हे १९३५ च्या खादी भांडाराच्या चालकांनी केले असते तर आपण त्यांना ढोंगी म्हटले असते.

ऐपतीचा मुद्दा हिंगणघाटच्या अनुभवातूनही मांडला जातो. भत्ता देणाऱ्या गिरण्या टिकल्या नाहीत, असे सांगतात. बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या कायद्याने आजारी म्हणून राष्ट्रीयीकृत झाली हे खरे. पण जुनी यंत्रे, वर्षानुवर्षे न झालेली गुंतवणूक आणि भत्ता, पाळ्या, भविष्य निर्वाह निधी यांपैकी काहीच न देणारे यंत्रमाग शेजारी उभे असताना, केवळ भत्त्याकडे बोट दाखवणे न्यायाचे नाही. १९३५ मध्ये खादीला गिरणीच्या कापडाने जे केले, तेच गिरणीला यंत्रमागाने केले. एका ठिकाणची मजुरी सुरक्षित करून शेजारची उघडी ठेवली की काम उघड्या बाजूला वाहत जाते. यातून भत्ता चुकीचा ठरत नाही. तो यंत्रमागावरच्या कामगाराला मिळाला नाही, हे चुकीचे ठरते.

खादीने स्वतः मात्र निराळे वळण घेतले. युद्धातल्या महागाईनंतर, १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधींनी चरखा संघापुढे नवा विचार मांडला आणि पुढच्या वर्षापासून खादीची किंमत अंशतः सुताच्या रूपाने घेण्याचा नियम आला. १९५० च्या सुमारास पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशालाच व्यवहारातून काढले तर महागाई शिल्लक राहत नाही, असा त्याचा तर्क. या प्रयोगांबद्दल मला आदर आहे, पण मजुरीच्या प्रश्नापुरते ते मला माघारीसारखे वाटतात. ज्या बाईला मीठ, औषध, पोराची पुस्तके पैशानेच आणायची आहेत, तिला पैशाबाहेर नेण्यापेक्षा तिच्या पैशाला धान्याची आणि कापडाची हमी देणारा १९३५ चा ठराव अधिक उपयोगाचा होता. तोच मागे पडला.

तो किती मागे पडला हे आजच्या दरपत्रकात दिसते. वर्ध्याच्या जिल्हा कचेरीतील कारकुनाचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून अखिल भारतीय निर्देशांकाच्या सूत्राने बदलतो. हुकूम उशिरा निघाला तरी थकबाकी मिळते, आणि पाचव्या वेतन आयोगापासून वरच्या पगारांनाही भाववाढीची पूर्ण भरपाई आहे. किमान वेतन लागू असलेल्या कामगाराला सहामाही विशेष भत्ता आहे, मिळतो तिथे. खादी कातणारीला सुताच्या गुंडीमागे दर आहे. तो २०२३ मध्ये साडेसात रुपयांवरून दहा झाला, २०२४ मध्ये साडेबारा. दोन्ही वाढींचे स्वागतच करायला हवे. पण त्या घोषणेने आल्या, सूत्राने नाही. पुढची कधी येईल हे सांगणारा नियम नाही, मधल्या महिन्यांची थकबाकी नाही, आणि आठ तासांत एक बाई सरासरी किती गुंड्या काढते व त्यातून किती आहार आणि किती वार कापड येते, हा हिशेब दर ठरवताना मांडलाच पाहिजे असे बंधन कुणावर नाही. मगनवाडी आणि सेवाग्राम आजही तिथेच आहेत, खादीच्या संस्था आहेत, आहारशास्त्राच्या तक्त्यांत १९३५ पेक्षा कितीतरी अचूक आकडे आहेत. हा हिशेब दर सहा महिन्यांनी करायला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागणार नाही, आणि तो करताना या वेळी कातणाऱ्या बायांनी निवडून दिलेल्या दोघी-तिघी त्या बैठकीत बसल्या पाहिजेत.